पोट उघडलंच होतं, मग गाठ का ठेवली?

चवथ आटोपून आठवडा झाला असेल. म्हापशातल्या माझ्या खोलीत ती आली ती पोटाची उजवी बाजू धरूनच. पेडणे तालुक्यातली सून, वय २९, आठ महिन्यांचा मुलगा सासूबाईंच्या कडेवर. खुर्चीत टेकायच्या आधीच तिने विचारलं, "मॅडम, पोट उघडलंच होतं ना त्यांनी? मग गाठ तेव्हाच का नाही काढली?"

(ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत. प्रश्न मात्र तिचाच, आणि तो तिच्या आधीही मी बऱ्याच जणींकडून ऐकलाय.)

पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत गर्भाशयाच्या मागच्या भिंतीत ४ सेंटीमीटरची गाठ दिसली होती. फायब्रॉइड. "राहू दे, बघू," एवढंच तिला सांगण्यात आलं. पुढे मूल पायाळू निघालं, सिझेरियन झालं. डिस्चार्ज कार्डावर एक ओळ होती, की फायब्रॉइड जागेवरच ठेवला आहे. ती ओळ तिने घरी आल्यावर वाचली. त्या दिवसापासून पोटात काहीही दुखलं की तिच्या लेखी ती गाठच.

मी डॉक्टर नाही, हे मी आधीच सांगते. पण या प्रश्नाचं उत्तर मला पाठ आहे, कारण ओपीडीच्या पाच मिनिटांत ते द्यायचं राहून जातं. प्रसूतीच्या सुमारास गर्भाशयाकडे मिनिटाला अर्धा लिटरहून जास्त रक्त जात असतं. अशा वेळी भिंतीत रुतलेली गाठ कोरून काढायला गेलं, तर रक्त थांबवणं कठीण होतं. कधी गर्भाशयच काढायची पाळी येते. देठावर लोंबणारी किंवा नेमकी छेदाच्या वाटेत आलेली गाठ काही सर्जन काढतात. बाकीच्या सहसा ठेवतात, आणि ते बाईच्या भल्यासाठीच. ती ऐकून गप्प झाली. मग म्हणाली, "हे एवढंच कुणी तेव्हा सांगितलं असतं तर?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

"दुखतं कुठे ते दाखव." तिने तळहात नाही ठेवला. एक बोट ठेवलं, टाक्यांच्या उजव्या टोकाच्या जरा वर, अगदी टिकली लावावी तसं. माझे कान तिथे टवकारले. गर्भाशयाचं दुखणं बायका बहुतेक हात फिरवून दाखवतात, ओटीपोटात, कमरेत, जड जड. बोटाच्या पेरावर मावणारं दुखणं वेगळं असू शकतं.

तिला मी तीन आठवड्यांचं काम दिलं. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर रोज खूण करायची. दुखलं तर फुली, पाळीच्या दिवसांना गोल, आणि फुलीशेजारी दोन शब्दांत, त्या वेळी काय करत होतीस.

सासूबाई इतका वेळ नातवाला थोपटत होत्या. त्या एकदम म्हणाल्या, "बाई, माझी पिशवी अडतिसाव्या वर्षी काढली. गाठच होती. कसली ते कुणी बोललं नाही." मग हातातल्या कापडी पिशवीतून एक पुडी काढली. कुणा वैदूने दिलेली, गाठ विरघळवणारी. सून दोन महिने रोज सकाळी ती घेत होती, अंगावर पाजत असताना. पुडीवर नाव नाही, घटक नाहीत. डॉक्टरांना दाखवेपर्यंत ती बंद ठेवा, एवढंच मी सांगितलं. वैद्यकीला माझा विरोध नाही. नाव नसलेल्या पुडीला आहे. आणखी एक गंमत. फायब्रॉइड संप्रेरकांवर पोसतात. गरोदरपणात काही वाढतात आणि बाळंतपणानंतर तीन ते सहा महिन्यांत पुष्कळदा आपणहून आक्रसतात. त्या काळात जे घ्याल त्याला श्रेय मिळतं. मग ती पुडी असो, नवस असो की शेजारणीने सांगितलेला रस.

नवरा बोटीवर. समुद्रावर असतानाच त्याने मोबाइलवर 'गाठ' आणि 'कॅन्सर' एकत्र शोधलं होतं, आणि व्हिडिओ कॉलवर तिच्यापेक्षा तोच जास्त रडला होता. फायब्रॉइड म्हणजे कॅन्सर नव्हे. कॅन्सरची गाठ फायब्रॉइडसारखी दिसणं फार दुर्मिळ. पाळी गेल्यावरही गाठ वाढत राहिली, तर डॉक्टर तशी शंका घेतात. हे मी त्याच्याशीही फोनवर बोलले. घरातल्या एकाला समजलं आणि दुसऱ्याला नाही, तर रात्री पुन्हा तेच सुरू होतं.

सासूबाईंना थोडा वेळ बाहेर बसायला सांगून मी एडिनबरा प्रश्नावलीचे दहा प्रश्न विचारले. बाळंतिणीच्या मनाची अवस्था तपासायला ती १९८७ पासून वापरात आहे. दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा. बायका इथे मान खाली घालतात म्हणून मी तो टाळत नाही. तिने लगेच "नाही" म्हटलं. पण झोप नव्हती. बाळ झोपल्यावर ती अंधारात पोट चाचपत बसायची, गाठ हाताला लागते का बघायला. चार सेंटीमीटरची, आणि तीही मागच्या भिंतीतली. हाताला लागणार कशी? हे म्हटल्यावर ती त्या दिवसात पहिल्यांदा हसली.

तीन आठवड्यांनी कॅलेंडरचं पान आलं. फुल्या होत्या 'बादली', 'पाळणा', 'खाटेवरून उठताना', 'खोकला' या शब्दांशेजारी. पाळीच्या गोलात फुली जास्त नव्हती. मधले पाच दिवस तर जवळजवळ कोरे. ती माहेरी सावंतवाडीला होती. तिथे ओल्या कपड्यांची बादली गच्चीवर न्यायला दुसरं कोणी होतं.

ते पान घेऊन मी तिला डॉक्टरांकडे परत पाठवलं. सोबत एका चिठ्ठीवर तिच्याच शब्दांत एक वाक्य लिहून दिलं: 'एका बोटावर दाखवता येतं, उचलताना वाढतं, पाळीशी संबंध नाही.' डॉक्टरांनी तिला उताणी झोपवलं, त्या जागी बोट दाबलं आणि डोकं-खांदे उचलायला सांगितले. दुखणं आतल्या अवयवाचं असेल तर ताठ झालेले स्नायू ढालीसारखे आड येतात आणि कळ कमी होते. पोटाच्या भिंतीचं असेल तर वाढते. कार्नेट नावाच्या अमेरिकी सर्जनने १९२६ मध्ये सांगितलेली ही युक्ती. यंत्र लागत नाही, खर्च शून्य. तिची कळ वाढली. सिझेरियनच्या आडव्या छेदाच्या टोकांपाशी त्वचेकडे जाणाऱ्या नसा असतात. त्यातली एखादी टाक्यात किंवा व्रणात अडकते, ताणली जाते. त्या जागी बधिर करणारं इंजेक्शन दिलं आणि काही मिनिटांत दुखणं निम्म्यावर आलं. निदानही तेच आणि उपचारही तोच. तीन आठवड्यांनी दुसरं इंजेक्शन, मग फिजिओथेरपी. नव्या सोनोग्राफीत गाठ ३ सेंटीमीटरची होती.

सगळ्याच जणींचं असंच निघतं असं नाही. डिचोलीची एक बाई आली होती. तिचं दुखणं दर महिन्याला पाळीच्या दिवसांतच यायचं आणि टाक्यांपाशी सुपारीएवढं काही हाताला लागायचं. ते व्रणातलं एंडोमेट्रिओसिस निघालं, म्हणजे गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखा थर व्रणात वाढलेला, आणि शस्त्रक्रियेने काढावं लागलं. कुणाला व्रणाच्या जागी हर्निया असतो, खोकताना फुगवटा येतो. कुणाची पाळी संपल्यावर चार-पाच दिवस तपकिरी डाग पडत राहतात. तिथे गर्भाशयावरच्या व्रणात खाच राहिली आहे का हे बघतात. आणि कधी दोष खरंच गाठीचा असतो. गुठळ्यांसह भरमसाट रक्तस्राव, जिना चढताना धाप, लघवीला सारखं जाणं. तेव्हा हिमोग्लोबिन आधी तपासायचं. त्यासाठीही गोळ्यांपासून गर्भाशयात बसवायच्या हार्मोनच्या साधनापर्यंत बरंच काही आहे. पिशवी काढणं ही पहिली पायरी नाही. ताप, घाण वासाचा स्राव, तासाला एक पॅड भिजणं, पोटरी सुजून दुखणं, यांतलं काही असेल तर कॅलेंडर वगैरे विसरा. त्याच दिवशी दवाखाना गाठा, रात्र असेल तर थेट बांबोळीचं सरकारी इस्पितळ, गोवा मेडिकल कॉलेज.

शेवटच्या भेटीत तिने दुसऱ्या मुलाचं विचारलं. डॉक्टरांनी दोन वर्षं थांबायला सांगितलं होतं, व्रण नीट भरण्यासाठी, गाठीमुळे नव्हे. टाक्यांच्या वरची बधिरता अजून आहे. ती वर्षभरही राहू शकते, काहींची थोडी कायमचीच, हे आता तिला माहीत आहे.

उठता उठता सासूबाईंनी कापडी पिशवीतून पिवळी पडलेली एक फाइल काढली. अडतिसाव्या वर्षाची. "यात काय लिहिलंय ते वाचून सांगाल?"

मी चष्मा लावला.