वायव्य स्पेनमधल्या गॅलिसिया प्रदेशाच्या गॅलिशियन भाषेतल्या ‘सेइबे’चा अर्थ काय? तो आला कुठून?

‘सेइबे’ म्हणजे मोकळा, स्वतंत्र. हे विशेषण आहे, नाम नव्हे. ‘स्वातंत्र्य’ म्हणायचं तर ‘लिबेरदादे’. इथेच बरेच जण फसतात. दोन्ही लिंगांत रूप तेच, अनेकवचन ‘सेइबेस’.

मूळ लॅटिन ‘काएलेब्स’, म्हणजे अविवाहित; आपल्या सडाफटिंगच्या अगदी जवळचा. ‘काएलिबे’ या रूपातला दोन स्वरांमधला ‘ल’ गॅलिशियनमध्ये गळतो, म्हणून ‘सेइबे’. (‘काएलुम’, आकाश, याचंही असंच ‘सेओ’ झालं.) क्रियापद ‘सेइबार’: जनावरं मोकळी सोडणं. राजकीय अर्थ ‘गालिसा सेइबे’, म्हणजे स्वतंत्र गॅलिसिया, या घोषणेतून रुळला.

उच्चारात पहिलं अक्षर प्रमाण भाषेत ‘थे’कडे झुकतं, पश्चिम किनाऱ्यावर ‘से’. ‘सेइबा’ नावाच्या झाडाशी याचा काही संबंध नाही. तो शब्द कॅरिबियनमधला.