जंजिराला नव्हे, जंजिऱ्याला

'रविवारी आम्ही जंजिराला गेलो' हे बरोबर की 'जंजिऱ्याला गेलो', असा प्रश्न आला आहे. जंजिऱ्याला. गोव्याला, कुलाब्याला, अजिंठ्याला म्हणता ना? मग मुरूडजवळ राजपुरीच्या धक्क्यावर, जिथून जंजिऱ्याच्या होड्या सुटतात, तिथे पोचताच सामान्यरूप कुठे जातं? 'जंजिराची सफर', 'जंजिराचा इतिहास' ऐकून कान किटले.

आता मुळाकडे. होडीत बसलं की कुणीतरी हमखास सांगतो, 'जंजिरा म्हणजे जंजीर, बुरुज बघा कसे साखळीच्या कड्यांसारखे ओवलेत.' साफ चूक. मूळ शब्द अरबी 'जझीरा', म्हणजे बेट. त्याचंच अनेकवचन 'जझाइर', आणि त्यावरून अल्जीरिया. जुन्या मराठी कागदांत 'जंजिरे सिंधुदुर्ग', 'जंजिरे विजयदुर्ग' असं लिहिलेलं सापडतं. म्हणजे जंजिरा हे मुळात एका किल्ल्याचं नावच नव्हे, पाण्यातल्या कुठल्याही किल्ल्याला तो शब्द चालायचा. मग प्रत्येकाला काय साखळी होती? मुरूडच्या जंजिऱ्यावर राज्य करणारे सिद्दी आफ्रिकेतले म्हणून हे नाव झांझिबारवरून आलं म्हणणाऱ्यांनाही हेच विचारतो: सिंधुदुर्गावर सिद्दी कधी नांदले?

अनुस्वार कुठून आला, हे मात्र विचारण्यासारखं आहे. माझं ठाम मत, तो नाखव्यांच्या तोंडून आला. फारसी शिकलेल्या कारकुनाने 'जझीरा' जपला असता. होडी वल्हवणाऱ्याच्या कानात 'जंजीर' आधीपासून होता, जीभ तिकडे वळली. साखळीवाल्यांना श्रेय द्यायचं तर या एका टिंबाचं.

आणि आता माझ्या आवडीची गोष्ट. अरबी कोशकार जझीराचं मूळ 'कापणे' या धातूत दाखवतात: जमिनीपासून तुटलेला तुकडा. असेल. पण त्याच धातूतून 'जझ्र' हा शब्दही येतो, म्हणजे ओहोटी. अरबीत भरती-ओहोटीला 'मद्द' आणि 'जझ्र' म्हणतात. मद्दचा धातू पसरण्याचा, वाढण्याचा. त्याच धातूतून निघालेली 'मदत' आणि 'मुदत' आपण रोज वापरतो. भरतीच्या घरातले दोन शब्द कचेरीत आणि बँकेत गेले, ओहोटीच्या घरातला एक समुद्रातच किल्ला होऊन बसला! 'कापणे'वर थांबणाऱ्या पंडितांनी हे नातं कोरड्या पायांनी शोधलं, म्हणून त्यांना ते दिसलं नाही.

पटत नसेल तर अलिबागला जा. ओहोटीची वेळ बघून कुलाब्याच्या किल्ल्याकडे चालू लागा. मऊ वाळू, घोट्याएवढं पाणी, शेजारून घोडागाडी जाते. परत यायला उशीर केलात की तीच वाट पाण्याखाली गेलेली असते, आणि तुम्ही उभे असता त्या जागेचा जंजिरा झालेला असतो.