बी-वाय दिसतात, मग सी-झेड कुठे गेले?

प्रश्न : दुधातील कॅसीन या प्रथिनाचे ट्रिप्सिन या विकराने तुकडे करून मिळालेल्या पेप्टाइडांचा (अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्यांचा) टँडम मास स्पेक्ट्रम, म्हणजे पेप्टाइड तोडून त्याच्या तुकड्यांची वस्तुमाने दाखवणारा आलेख, आम्हाला प्रात्यक्षिकात दाखवला. त्यावर फक्त बी आणि वाय अशी अक्षरे होती. पुस्तकातले ए, सी, एक्स, झेड हे प्रकार त्यात का नाहीत?
— एक एम. एस्सी. विद्यार्थिनी, खानापूर

उत्तर : साखळी कुठे तुटली आणि विद्युतभार कोणत्या तुकड्याकडे राहिला, या दोन गोष्टी ही अक्षरे सांगतात. रोपस्टॉर्फ आणि फोलमन यांनी १९८४ मध्ये सुचवलेल्या या पद्धतीत भार अमिनो टोकाकडच्या तुकड्यावर असेल तर ए, बी, सी आणि कार्बॉक्सिल टोकाकडच्या तुकड्यावर असेल तर एक्स, वाय, झेड अशी नावे देतात. पेप्टाइड बंधच तुटला तर बी-वाय, नायट्रोजन व अल्फा कार्बन यांमधला बंध तुटला तर सी-झेड, आणि अल्फा कार्बन व कार्बोनिल कार्बन यांमधला तुटला तर ए-एक्स अशी जोडी होते. अक्षराखालचा अंक म्हणजे तुकड्यातल्या अमिनो आम्लांची संख्या, आणि ती ज्याच्या त्याच्या टोकाकडून मोजायची असते. आपले खानापूर स्थानक लोंढ्याकडून मोजले तर एका क्रमांकावर येते आणि बेळगावकडून मोजले तर दुसऱ्या, तसेच हे आहे.

आपल्या प्रात्यक्षिकात पेप्टाइडे वायूच्या रेणूंवर आदळवली असणार. त्या धक्क्यांनी तापलेल्या रेणूत प्रोटॉन साखळीच्या कण्यावरून सरकतो, पेप्टाइड बंध दुबळा करतो आणि बहुधा तोच तुटतो, म्हणून बी आणि वाय ठळक दिसतात. ॲलनीन-ल्यूसीन-ग्लायसीन-लायसीन या पेप्टाइडचा एकभारी मूळ आयन (न तुटलेले पेप्टाइड) वस्तुमान भागिले भार या मापावर ३८८ वर येतो. त्याचा वाय-१ हा १४७ वर, वाय-२ हा २०४ वर आणि वाय-३ हा ३१७ वर मिळतो. लागोपाठच्या शिखरांमधले अंतर ५७ म्हणजे ग्लायसीन, ११३ म्हणजे ल्यूसीन आणि शेवटचे ७१ म्हणजे ॲलनीन. बी-२ हा १८५ वर असतो आणि त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघून गेला की २८ ने खाली, १५७ वर, ए-२ दिसतो. तेव्हा ए आयन आपल्या आलेखातही सापडण्याची शक्यता आहे, तो जरूर शोधावा. मात्र आयसोल्यूसीनही ११३ चेच असल्यामुळे केवळ बी-वाय पाहून या दोघांत निवड करता येत नाही.

सी आणि झेड मिळवायला पेप्टाइडला इलेक्ट्रॉन द्यावा लागतो आणि त्यासाठी त्यावर एकापेक्षा अधिक धनभार असावे लागतात. कॅसीनच्या बाबतीत हा मार्ग मोलाचा आहे, कारण त्यातल्या सेरीन या अमिनो आम्लाच्या काही जागांवर फॉस्फेट असते. आदळण्याने ते ९८ वस्तुमानाच्या फॉस्फोरिक आम्लाच्या रूपात सहज गळून पडते, तर इलेक्ट्रॉनच्या पद्धतीत बहुधा जागेवर टिकते आणि सी मालिकेतले १६७ चे अंतर फॉस्फोसेरीनचे स्थान दाखवते. आपल्या आलेखात मूळ आयनापासून ९८ ने खाली, किंवा आयन दुहेरी भाराचा असेल तर ४९ ने खाली, उंच शिखर असेल, तर ते पेप्टाइड फॉस्फेटधारी असण्याचा संभव मोठा आहे.