हायवेवर अचानक काही आडवं पडलेलं दिसलं, तर गाडी वळवायची की वरून न्यायची?

तुम्ही लिहिलंय की ताशी 100 च्या आसपास वेग होता, पुढची गाडी झटकन बाजूला झाली आणि समोर ट्रकच्या टायरचा मोठा तुकडा आडवा दिसला. तुम्ही ब्रेक दाबून गाडी सरळ ठेवली, तुकडा खालून गेला, बंपरची खालची बाजू फाटली. आता घरचे म्हणतात, स्टेअरिंग का नाही फिरवलं?

नाही फिरवलंत ते उत्तम केलंत. बंपर बदलून मिळतो.

वस्तू चुकवायला म्हणून स्टेअरिंगला दिलेला झटका हा त्या वस्तूपेक्षा जास्त धोक्याचा असतो. अमेरिकेतल्या एएए फाउंडेशन या रस्ता सुरक्षेवर संशोधन करणाऱ्या संस्थेने 2016 मध्ये याच विषयावर अभ्यास प्रसिद्ध केला. 2011 ते 2014 या चार वर्षांत तिथे रस्त्यावरच्या अशा वस्तूंमुळे 2 लाखांहून जास्त अपघात झाले आणि 500 हून जास्त माणसं गेली. त्या मृत्यूंपैकी सुमारे 37 टक्के चालकाने ऐन वेळी गाडी वळवल्यामुळे झाले होते. म्हणजे गाडी दुभाजकावर गेली, शेजारच्या लेनमधल्या गाडीवर गेली, नाहीतर उलटली.

उलटण्याचं कारण सोपं आहे. जोरात वळवलं की गाडीचा बराचसा भार बाहेरच्या दोन चाकांवर जातो. मग घाबरून आपण तितक्याच जोरात उलट वळवतो आणि भार एकदम दुसऱ्या बाजूला आदळतो. घात होतो तो बहुतेक वेळा या दुसऱ्या झटक्याने. 1997 मध्ये एका स्वीडिश मासिकाने मर्सिडीजची नवी ए-क्लास अशाच चाचणीत पळवली. रस्त्यात मूस हे मोठं जनावर आलं असं समजून आधी एकीकडे, लगेच दुसरीकडे वळवणं, एवढीच चाचणी. हायवेच्या मानाने कमीच वेगात गाडी उलटली. कंपनीने मग त्या मॉडेलमध्ये ईएसपी, म्हणजे गाडी घसरायला लागली की एकेका चाकाला आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा, सरसकट बसवली. तुमच्या गाडीत ती असेल तर चांगलंच आहे. पण शेजारच्या लेनमध्ये कोण आहे हे तिला कळत नाही.

म्हणून माझा क्रम ठरलेला आहे. आधी ब्रेक, जोरात आणि सरळ रेषेत. एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा, असेल तर पॅडल पायाखाली थरथरतं, त्याला घाबरून पाय उचलायचा नाही. ब्रेक दाबता दाबता आरशात बघायचं. शेजारची लेन मोकळी आहे याची खात्री असेल तरच तिकडे सरकायचं, आणि तेही लेन बदलतो तसं, हिसका न देता. खात्री नसेल तर आपली लेन सोडायची नाही आणि वेग जमेल तेवढा कमी करायचा. धडक टळली नाही तरी ब्रेक फुकट जात नाही. 100 वरून 60 वर आलात तर धडकेची ताकद जवळपास एक तृतीयांश उरते, कारण ती वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढते आणि तशीच उतरते.

आता वरून न्यायची वेळ आली तर. वस्तू बुटकी असेल तर ती दोन्ही चाकांच्या मधोमध घ्यायची. पण साध्या कारच्या पोटाखाली 16 ते 20 सेंटिमीटर जागा असते, आणि जोरात ब्रेक दाबलेला असताना गाडीचं नाक खाली झुकतं, त्यामुळे पुढे तेवढीही उरत नाही. म्हणून वेग कमी करून झाला की वस्तूवर पोहोचण्याच्या अगदी आधी ब्रेक सोडायचा. नाक वर येतं, चाकं मोकळी फिरतात, आणि चाकाखाली काही आलंच तर चाक घासत न जाता त्यावरून चढून जातं. बोनेटच्या उंचीचं काही असेल, सोफा, पिंप, लोखंडी पेटी, तर हा नियम लागू नाही. तिथे शेवटपर्यंत ब्रेक.

टायरच्या तुकड्याबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण हायवेवर तोच सगळ्यात जास्त दिसतो आणि लोक त्याला रबर समजून हलक्यात घेतात. कडेला थांबलेले असताना असा तुकडा पायाने उलटून बघा. वरून नुसती नक्षी दिसते, पण आतल्या बाजूने केसासारख्या बारीक पोलादी तारांचे झुपके बाहेर आलेले असतात. बोट लावलं तर रुततात. शिवाय तो सपाट पडून राहत नाही. पुढचं चाक त्याच्या एका टोकावर चढलं की दुसरं टोक उसळतं आणि पोटाखाली फटके मारत जातं. तुमचा बंपर तसाच फाटला असणार. तिथेच ब्रेकचा पाइप आणि वायरिंगही असतं, तेव्हा बंपर बदलताना गाडी रॅम्पवर चढवून खालून नीट बघून घ्या.

आणि हे तुकडे फक्त रिमोल्ड, म्हणजे जुन्यावर नवी साल चढवलेल्या, टायरचे असतात असं नाही. हवा कमी असलेला कोणताही टायर चालता चालता जास्त दबतो, तापतो आणि वरची साल सोडतो. ट्रकला मागे जोडचाकं असतात. त्यातल्या एकाची हवा गेली तरी दुसरं भार ओढत राहतं आणि चालकाला पत्ताही लागत नाही. एखाद्या ट्रकच्या मागच्या चाकातून धूर निघताना, जळक्या रबराचा वास येताना किंवा सालीचा तुकडा फटफट आपटताना दिसला, तर त्याच्या बाजूने रेंगाळत जाऊ नका. एकतर मागे राहा, नाहीतर रस्ता मोकळा बघून एका दमात पुढे निघून जा.

पण खरी मेख वेगळीच आहे, आणि तुमच्या प्रश्नात ती आलेली आहे: 'पुढची गाडी झटकन बाजूला झाली'. पुढच्या गाडीपासून दोन सेकंदांचं अंतर ठेवा असं सगळीकडे शिकवतात. तो हिशेब पुढची गाडी ब्रेक लावेल असं धरून केलेला आहे. तिलाही थांबायला जागा लागते, ती जागा आपल्याला आयती मिळते. रस्त्यावर पडलेली वस्तू आधीच थांबलेली असते. ताशी 100 म्हणजे सेकंदाला जवळपास 28 मीटर. दोन सेकंदांचं अंतर म्हणजे 56 मीटर. डोळ्यांनी बघून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरला, तर त्यातले 42 मीटर तिथेच संपले. उरले 14. कोरड्या रस्त्यावर चांगल्या टायरवर 100 वरून थांबायला त्यापुढे 40-50 मीटर लागतात. तुमच्याकडे तेव्हा जागाच नव्हती. स्टेअरिंग की ब्रेक हा वाद त्यानंतरचा.

त्यामुळे रस्ता मोकळा असेल तेव्हा मी चार सेकंद धरतो. पुढची गाडी एखाद्या खांबापाशी पोहोचली की आपण तिथे येईपर्यंत मनात सेकंद मोजायचे. गर्दीत हे जमत नाही, मधे कोणीतरी घुसतंच, हे मान्य. मग निदान समोर मोठा ट्रक किंवा बंद व्हॅन येऊ द्यायची नाही. कारच्या काचांतून पलीकडचं थोडं तरी दिसतं, ट्रकच्या मागे लागलात की फक्त त्याचा फाळका दिसतो. ट्रकची चाकं उंच आणि रुंदीला पसरलेली; जो दगड त्याच्या पोटाखालून आरामात निघून जातो, तो थेट तुमच्या चेंबरवर, म्हणजे इंजिनखालच्या ऑइलच्या भांड्यावर, येतो.

नजर लांब असली की रस्ता आधीच सूचना देतो. एकाच ठिकाणी आल्यावर पाठोपाठच्या गाड्या थोड्या वाकड्या होऊन पुन्हा सरळ होताना दिसल्या, तर तिथे काहीतरी आहे. दूरवर ब्रेक लाइटची माळ लागली तरी तेच. रबराचे बारके तुकडे विखुरलेले दिसायला लागले की मोठा तुकडा पुढे कुठेतरी असतो. आणि समोरच्या गाडीवरचा माल बघायची सवय लावा: ताडपत्री फुग्यासारखी फुगतेय, दोराचं टोक सुटून उडतंय, गाद्या किंवा पाइप एका बाजूला कलले आहेत. असं दिसलं की थेट मागची जागा सोडायची. खडी भरलेल्या डंपरचं दुखणं आणखी वेगळं. वरून सांडणारी खडी दिसते तरी, पण जोडचाकांच्या मधल्या फटीत अडकलेला दगड दिसत नाही. तो चाकाबरोबर फिरत राहतो आणि कधीतरी निसटतो, तेव्हा थेट मागच्याच्या काचेकडे येतो.

काचेवर दगड बसला तर दचकून स्टेअरिंग हलवू नका. पुढची काच दोन काचांच्या मधे प्लास्टिकचा पडदा घालून केलेली असते. ती तडकते, पण तिचा चुरा होऊन अंगावर सहसा येत नाही. टिचका लहान असेल तर त्यावर स्वच्छ चिकटपट्टी लावा म्हणजे धूळ-पाणी जाणार नाही, आणि तापलेल्या काचेवर एसीचा गार झोत सोडू नका. थोडक्या टिचक्यात राळ भरून काच वाचते, लांब तडा गेला की बदलावीच लागते.

रात्रीचं गणित आणखी कडक आहे. डिपरवर, म्हणजे दिव्यांचा झोत खाली असताना, साधारण 50-60 मीटर रस्ता नीट दिसतो. 70 च्या वेगाला बघून थांबेपर्यंत तेवढेच मीटर लागतात. म्हणजे डिपरवर 70 च्या पुढे गेलात की काळं रबर काळ्या रस्त्यावर दिसेल तेव्हा उशीर झालेला असेल. समोरून कोणी नसेल तर अप्पर (वरचा झोत) वापरा, ज्यांना त्रास होईल त्यांच्यासाठी खाली घ्या. रात्री मी वेग कमी ठेवतो तो याच एका कारणासाठी.

दुचाकीवाल्यांसाठी दोनच गोष्टी, कारण त्यांचं सगळं गणितच वेगळं. वस्तूकडे टक लावून बघितलं की गाडी तिकडेच जाते. नजर मोकळ्या जागेवर ठेवायची. आणि वरून जावंच लागलं तर ब्रेक आधी मारून घ्यायचा, गाडी सरळ उभी, वस्तूला काटकोनात, फूटरेस्टवर थोडं उठून, आणि वस्तूवर असताना ब्रेकला हात लावायचा नाही. सांडलेली वाळू, खडी आणि डिझेललाही तेच लागू आहे, चारचाकीलासुद्धा.

धडक बसून गेल्यावरचं काम लोक विसरतात. गाडी चालतेय म्हणजे सगळं ठीक, असं नाही. लेनमध्ये थांबू नका. वेग कमी करून चारी इंडिकेटर लावा आणि सुरक्षित जागी कडेला घ्या. तोपर्यंत तीन गोष्टींवर लक्ष: स्टेअरिंग एका बाजूला ओढतंय का, ब्रेक पॅडल मऊ लागतंय का, आणि डॅशबोर्डवर ऑइलचा लाल दिवा लागलाय का. ऑइलचा दिवा लागला तर पुढच्या पंपापर्यंत जाऊ असा विचार करू नका, कडेला घेऊन लगेच इंजिन बंद करा. चेंबर फुटला असेल तर काही मिनिटांत इंजिन जाम होतं आणि किरकोळ खर्चाचं काम मोठं होऊन बसतं. उतरल्यावर खाली वाका. नुसतं पाणी ठिबकत असेल तर ते बहुधा एसीचं. हिरवट-गुलाबी आणि गोडसर वासाचं असेल तर कूलंट, काळपट चिकट असेल तर ऑइल. टायरची आतली बाजूही बघा. बाहेरून टायर चकचकीत आणि आत साइडवॉलला फुगा, असं खूपदा होतं, आणि तो फुगा नंतर कधीतरी भर वेगात फुटतो.

गाडी इलेक्ट्रिक असेल तर फटका पोटाला बसलाय का हे जास्त महत्त्वाचं, कारण बॅटरी तिथेच असते. 2013 मध्ये अमेरिकेत रस्त्यावरच्या लोखंडी वस्तू खालून लागून टेस्लाच्या मॉडेल एस गाड्यांनी पेट घेतला होता. पुढच्या वर्षी कंपनीने खाली टायटॅनियमची ढाल द्यायला सुरुवात केली. अशा गाडीने काही इशारा दाखवला किंवा खालून वास, धूर, फसफस जाणवली, तर सामान काढत न बसता लांब व्हायचं.

शेवटी तुम्ही विचारलंय की उतरून तो तुकडा बाजूला करायला हवा होता का. नाही. वाहत्या हायवेवर पायी उतरणं म्हणजे मागच्यांसाठी रस्त्यात आणखी एक वस्तू उभी करणं, आणि तिला बंपरही नाही. पुढे सुरक्षित जागी थांबून हायवेच्या मदत क्रमांकावर किंवा पोलिसांना फोन करायचा. किलोमीटरच्या दगडावरचा आकडा, दिशा आणि कितव्या लेनमध्ये आहे हे सांगितलं की त्यांची गाडी नेमकी तिथे पोहोचते.