बॅटरी उलटी जोडली गेली तर काही घटक सुरक्षित राहतात आणि काही लगेच जळतात, असे का?

१२ व्होल्टची बॅटरी चुकून उलटी जोडल्यावर रेझिस्टर (प्रवाहाला विरोध करणारा घटक) आणि डायोड (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारा घटक) शाबूत राहिले, पण कपॅसिटर (विद्युत प्रभार साठवणारा घटक) फुगला आणि आयसी (एकाच चिपवर बसवलेले सर्किट) निकामी झाला, याचे कारण आपण विचारले आहे. उलट दिशेचा व्होल्टेज प्रत्येक घटकात कोण अडवते आणि किती मर्यादेपर्यंत अडवते, यावर सारे अवलंबून असते. रेझिस्टरला दिशाच नसते, त्यामुळे त्याचा प्रश्न येत नाही.

डायोडच्या कॅथोडला, म्हणजे एरवी ऋण बाजूला जोडायच्या टोकाला, धन टोक जोडले गेले की पी आणि एन या त्याच्या दोन अर्धवाहक भागांच्या सीमेवरचा, मुक्त प्रभार नसलेला पट्टा रुंदावतो आणि प्रवाह जवळजवळ थांबतो. यालाच रिव्हर्स बायस म्हणतात. सामान्य वापरातला १एन४००७ डायोड या अवस्थेत १००० व्होल्टपर्यंत टिकतो, एलईडीची मर्यादा मात्र बहुधा ५ व्होल्टच्या आसपासच दिलेली असते. येथे एक गोष्ट अनेकांच्या नजरेतून सुटते. लाल एलईडी आणि १ किलोओहमचा रेझिस्टर १२ व्होल्टवर सरळ जोडले, तर एलईडीवर सुमारे २ व्होल्ट आणि रेझिस्टरवर १० व्होल्ट पडतात. उलट जोडणीत प्रवाहच नसल्यामुळे रेझिस्टरवर काहीच पडत नाही आणि जवळजवळ सगळे १२ व्होल्ट एलईडीवर येतात. म्हणून अशा ठिकाणी एलईडीला समांतर, पण उलट दिशेने, एक साधा डायोड जोडावा.

इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरमध्ये ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यावरचा ऑक्साइडचा थर विद्युतरोधकाचे काम करतो. उलट व्होल्टेजखाली तो थर प्रवाह रोखू शकत नाही, आतला द्रव तापतो, हायड्रोजन वायू तयार होतो आणि दाब वाढून डब्याचा माथा फुगतो. माथ्यावर कोरलेल्या रेषा स्फोटाऐवजी तिथून वायू बाहेर पडावा यासाठीच असतात. फुगलेला कपॅसिटर पुन्हा वापरू नये. या कपॅसिटरवरचा पट्टा ऋण टोक दाखवतो, तर टँटलम कपॅसिटरवरचा पट्टा धन टोक दाखवतो. हा फरक लक्षात न ठेवणे फार महागात पडते.

आयसीचे नुकसान वेगळ्या कारणाने होते. त्याच्या रचनेतच असे डायोड असतात, जे नेहमी रिव्हर्स बायसमध्ये असतात. पुरवठा उलटला की तेच सरळ दिशेने वाहू लागतात आणि त्यांना आवर घालणारा रेझिस्टर नसेल, तर क्षणात चिप तापून जळते.

संरक्षणासाठी पुरवठ्याच्या धन तारेत एकसर डायोड लावणे सर्वांत सोपे, पण त्यात सुमारे ०.७ व्होल्ट खर्ची पडतात आणि २ अँपिअरवर सुमारे १.४ वॉट उष्णता निर्माण होते. शॉट्की डायोडने, म्हणजे कमी व्होल्टेज खर्ची घालणाऱ्या डायोडच्या प्रकाराने, हा तोटा कमी होतो. बॅटरीवरच्या उपकरणासाठी मी पी-चॅनेल मॉसफेटच (स्विचसारखे काम करणारा, ड्रेन, सोर्स आणि गेट अशी तीन टोके असलेला ट्रान्झिस्टर) सुचवीन: त्याचा ड्रेन बॅटरीच्या धन टोकाकडे, सोर्स सर्किटकडे आणि गेट रेझिस्टरमार्फत ऋण तारेला जोडावा. पुरवठा गेटच्या कमाल मर्यादेजवळ जाणारा असेल, तर गेट आणि सोर्स यांच्यामध्ये झेनर डायोडही (व्होल्टेज ठरावीक मर्यादेत ठेवणारा डायोड) घालावा.