बाबांच्या अस्थी दोन ठिकाणी

‘मुलगा अमेरिकेत असतो. वडिलांच्या थोड्या अस्थी तो तिकडे नेणार आहे आणि हजारो लोक मिळून जो अग्नी पेटवतात, त्यात त्या ठेवणार आहे. असे केलेले चालते का? त्यांना गती मिळेल का?’ मी समुपदेशक आहे; डिचोली तालुक्यातील एका आईने माझ्यासमोर बसून हा प्रश्न विचारला. शब्द थोडे बदलतात, पण याच जातीचे प्रश्न आता बरेच जण विचारतात, कारण गोव्यातील फार थोड्या घरांत सगळी मुले हाकेच्या अंतरावर राहिली आहेत आणि प्रत्येक मूल आपापल्या ठिकाणचे काही रीतिरिवाज उचलते. या कुटुंबाच्या संमतीने त्यांची हकिकत येथे लिहीत आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

वडील मराठी शाळेत शिक्षक होते. पौष महिन्यात दोन दिवसांच्या आजारपणात गेले. मुलाला रजा आणि तिकीट मिळून तो घरी पोहोचेपर्यंत दहावा दिवस उजाडला. अग्नी चुलतभावाने दिला, तिसऱ्या दिवशी अस्थिसंचयन झाले आणि अस्थी हरवळ्याला रुद्रेश्वराच्या देवळाजवळच्या पाण्यात सोडण्यात आल्या. त्या भागातील अनेक घरांचे मरणोत्तर विधी तेथेच होतात, त्यामुळे ठिकाणाबद्दल कोणाच्या मनात शंका नव्हती. मात्र फोंड्याला दिलेल्या मुलीने चुलतभावाला सांगून थोड्या अस्थी मागे ठेवायला लावल्या होत्या. लाल कापडाने तोंड बांधलेली एक लहानशी तांब्याची लोटी परसातल्या फणसाला टांगलेली होती, कारण अस्थी घरात आणायच्या नसतात. भाऊ येईल तेव्हा त्याच्या हातून काहीतरी व्हावे, एवढाच तिचा हेतू होता. भाऊ आला, तेराव्यापर्यंत राहिला आणि जाताना ती लोटी सोबत नेऊ देण्याची परवानगी त्याने मागितली. आई त्या क्षणी काही बोलली नाही. पुढच्या महिन्यात मात्र तिचे जेवण तुटले, झोप गेली आणि मुलगी तिला माझ्याकडे घेऊन आली.

मुलगा ज्या अग्नीबद्दल बोलत होता, त्याची थोडी माहिती देणे आवश्यक आहे. अमेरिकेतील नेवाडा राज्यात ब्लॅक रॉक नावाचे वाळवंट आहे. तेथे ऑगस्टच्या अखेरीस ‘बर्निंग मॅन’ नावाचा मोठा मेळावा भरतो, त्यासाठी काही दिवसांपुरते एक शहरच उभे राहते आणि मेळावा संपल्यावर जमिनीवर काहीही मागे न ठेवता ते उठते. सन २००० मध्ये डेव्हिड बेस्ट या कलावंताने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी तेथे एक लाकडी वास्तू उभारली. मेळाव्याच्या थोडे आधी त्यांच्यातील एक तरुण मित्र मोटारसायकलच्या अपघातात गेला आणि लोक त्या वास्तूत आपापल्या गेलेल्या माणसांची नावे लिहू लागले. तेव्हापासून मेळाव्यात असे लाकडी ‘टेम्पल’ उभारण्याची प्रथा पडली. त्यात कोणत्याही धर्माची मूर्ती नसते, पुरोहित नसतो. आठवडाभर लोक भिंतींवर लिहितात, छायाचित्रे आणि पत्रे ठेवतात, काही जण अस्थीही ठेवतात. शेवटच्या रविवारी रात्री ते पेटवले जाते. आदल्या रात्री माणसाची भव्य लाकडी प्रतिकृती जाळताना गाजावाजा असतो, पण या अग्नीभोवती बसलेले हजारो लोक बहुतांशी शांत असतात.

आईला यातले काही ठाऊक नव्हते. तिच्या डोळ्यांसमोर सामूहिक अग्नी म्हणजे शिमग्यातली होळी, नरकचतुर्दशीच्या पहाटे जळणारा नरकासुर आणि शिरगावच्या लईराई देवीच्या जत्रेतले होमखण, म्हणजे ज्याच्या निखाऱ्यांतून भक्त चालत जातात तो लाकडांचा मोठा अग्नी. यांपैकी एकाही अग्नीचा संबंध घरातल्या मेलेल्या माणसाशी नसतो. होमखणातून जाणारे धोंड, म्हणजे देवीचे भक्त, व्रत पाळून, सोवळ्याने तेथे येतात; तेथे अस्थी नेण्याची कल्पनासुद्धा आपल्याकडे कोणाला सहन होणार नाही. तिची अस्वस्थता अज्ञानातून आलेली नव्हती, हे मला येथे मुद्दाम सांगायचे आहे. पवित्र अग्नी कोणता, त्यात काय द्यायचे आणि काय द्यायचे नाही, याची तिची समज पक्की होती आणि त्या समजेनुसार मुलाचे म्हणणे कुठेच बसत नव्हते.

‘बाय, एकदा जळलेलं पुन्हा जाळतात का गं?’ तिने विचारले. ‘आणि माणूस असा दोन ठिकाणी वाटायचा असतो का?’

समुपदेशकाने धर्मशास्त्राचा निर्णय देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. कोणाला गती मिळते आणि कोणाला नाही, हे सांगण्याचा मला अधिकार नाही. तो प्रश्न ज्यांच्यावर तुमची श्रद्धा आहे त्या भटजींना विचारा, असे मी तिला सांगितले आणि तिने तो विचारलाही. परंतु जे सांगता येण्यासारखे होते, ते मी टाळले नाही. दहनानंतर उरतो तो मुख्यतः हाडांतला कॅल्शियम फॉस्फेट. तो लाकडाच्या आगीत जळत नाही. त्या अग्नीच्या राखेत मिसळून जातो, एवढेच घडते. बाबांना पुन्हा जाळले जाणार, हे जे चित्र तिला रात्री झोपू देत नव्हते, त्याला वस्तुस्थितीचा आधार नव्हता. हे ऐकल्यावर ती बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिली आणि मग तिने पदराने चष्मा पुसला.

वाटणीचे म्हणाल, तर अस्थींचे भाग करणे आपल्याकडे नवे नाही. गांधीजींच्या अस्थी १९४८ मध्ये देशभर पाठवल्या गेल्या आणि १२ फेब्रुवारीला प्रयागच्या संगमात मुख्य विसर्जन झाले. त्यांतला एक कलश तर १९९७ पर्यंत बँकेच्या तिजोरीत राहिला होता आणि त्या वर्षी ३० जानेवारीला संगमातच त्याचे विसर्जन झाले. नेहरूंनी मृत्युपत्रात मूठभर रक्षा गंगेत सोडण्यास आणि बाकीची विमानातून शेतांवर पसरण्यास सांगितले होते. १९६४ मध्ये तसे करण्यात आले. सामान्य घरांतही थोड्या अस्थी जवळच्या नदीत आणि थोड्या नाशिकला किंवा गोकर्णाला नेतात. आईच्या सासऱ्यांच्या अस्थी अशाच दोन ठिकाणी गेल्या होत्या. हे तिला तिसऱ्या भेटीत आठवले आणि त्या आठवणीने जे काम केले, ते माझ्या कोणत्याही उदाहरणाने झाले नसते.

तरीही तिचा जीव थाऱ्यावर येईना. तेव्हा मी तिला हरवळ्याचा दिवस विचारला. ती म्हणाली की, ती गेलीच नव्हती. बायका घरीच थांबल्या होत्या. चुलतभाऊ परत आला आणि ‘सगळं नीट झालं’ एवढे म्हणाला, त्या तीन शब्दांवर तिने आपला निरोप पुरा मानला होता. आता मुलगा दुसरा विधी करायचे म्हणत होता आणि तिला त्यातून एवढेच ऐकू येत होते की पहिला विधी अपुरा होता, म्हणजे तिच्या नवऱ्याचे जे झाले ते नीट झालेच नव्हते. हे ती रागाने बोलली. त्या घरात पहिल्यांदाच कोणीतरी रागावले होते, आणि मला त्याचे बरे वाटले.

मुलाशी मी व्हिडिओ कॉलवर बोलले, इथली सकाळ आणि तिथली रात्र. चितेला अग्नी देताना त्याने मोबाईलच्या पडद्यावर पाहिले होते. कोणीतरी फोन धरला होता, मध्येच नेटवर्क गेले, परत आले तेव्हा नुसता धूर दिसत होता. तो धूर त्याच्या मनातून गेलेला नव्हता. जळताना जवळ बसण्याची आपली पाळी हुकली, ती मला कुठेतरी भरून काढायची आहे, असे तो म्हणाला. पूर्वी एकदा मित्रांबरोबर तो त्या मेळाव्याला गेला होता आणि टेम्पल जळताना अनोळखी माणसांना आपापल्या माणसांसाठी रडताना त्याने पाहिले होते. नदीत अस्थी सोडायला त्याची हरकत नव्हती. त्याला अग्नीजवळ बसायचे होते. हे त्याने आईला सांगितलेच नव्हते. तिला त्याने फक्त मेळाव्याचे नाव आणि इंटरनेटवरचा एक दुवा पाठवला होता.

शोकाच्या अभ्यासात मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शूट यांनी १९९९ मध्ये मांडलेले एक निरीक्षण मला कामात फार उपयोगी पडते: शोक करणारा माणूस एकदा दुःखाकडे आणि एकदा रोजच्या जगण्याकडे असा ये-जा करत असतो आणि ही ये-जा निरोगी असते. आई पेन्शनच्या कागदांत आणि बँकेच्या फेऱ्यांत गुंतलेली असताना मुलाला ती ‘सावरलेली’ वाटली. मुलगा कामावर रुजू झाल्यावर आईला तो ‘विसरलेला’ वाटला. दोघांचेही दिवस सारखेच चालले होते, फक्त त्यांच्या वेळा जुळत नव्हत्या. आठ-नऊ हजार मैलांवरून त्या जुळणे कठीणच होते.

दोघांना एकत्र बोलते करण्याआधी मी मुलाला एक काम दिले. त्या मेळाव्याची माहिती आईला पाठवू नकोस, त्या पडद्यावर तुला काय दिसले ते तिला सांग, असे मी म्हटले. त्याने ते सांगितले. आईने हरवळ्याचे सांगितले. चुलतभावावर सोपवलेली गोष्ट दोघांपैकी कोणीच डोळ्यांनी पाहिली नव्हती, हे दोघांनाही तेव्हाच कळले. त्या संभाषणात मी फारसे काही बोलले नाही.

भटजींचे उत्तरही तोवर आले होते. मुख्य विसर्जन तीर्थात झाले आहे, वर्षभराचे विधी येथे व्हायचे ते होतील, मुलाच्या मनात श्रद्धा असेल तर त्याला अडवू नका, असे ते म्हणाले. दुसऱ्या भटजींनी कदाचित वेगळे सांगितले असते, आणि तसे झाले असते तर मी आईला तिच्या श्रद्धेविरुद्ध होकार द्यायला सांगितले नसते. मुलाने पत्र आणि छायाचित्र त्या अग्नीत द्यावे आणि लोटीतल्या अस्थी स्वतः येऊन हरवळ्याला सोडाव्यात, हा पर्याय आम्ही तयार ठेवला होता. अशी ओढाताण ज्या घरात असेल, त्या सगळ्यांना मी हा पर्याय सुचवीन. अग्नीत दिलेले परत मिळत नाही. घरातले एक माणूस जरी मनापासून तयार नसेल, तरी अस्थींऐवजी कागद देता येतो, आणि ज्याला जवळ बसायचे आहे त्याला तेवढ्यानेही बसता येते.

या घरात होकार आईनेच दिला. लोटी विमानातून नेण्यात सुरक्षा तपासणीची अडचण होती. अस्थींच्या पात्रातून क्ष-किरण आरपार जायला हवेत, धातूतून ते जात नाहीत. म्हणून लाकडी डबी शोधायचे ठरले. आईने कपाटातून नवऱ्याची खडू ठेवायची जुनी सागवानी डबी काढली. तिच्या खाचांत पांढरी पूड बसलेली होती, ती तिने पुसली नाही. शाळेतला एक लाकडी डस्टरही तिने दिला आणि तो डबीबरोबर ठेवायला सांगितला. मृत्यूचा आणि दहनाचा दाखला सोबत घेऊन बहिणीच्या ओळखीची एक व्यक्ती ती डबी घेऊन गेली. मेळाव्याचा तो आठवडा चवथीच्या आसपासच आला. घरात पहिले वर्ष असल्याने सण साधाच होणार होता, आणि सणाच्या दिवसांत राखेचे नाव नको, अशी शंका एका काकांनी काढली. आईने त्यांना परस्पर उत्तर दिले. ते काय होते, हे तिने मला सांगितले नाही.

असा अग्नी घरात एकमेकांविरुद्ध उभ्या राहिलेल्या माणसांनाही जवळ बसवू शकतो, याचे एक उदाहरण मुलाने आईला नंतर सांगितले. डेव्हिड बेस्ट यांनी २०१५ मध्ये उत्तर आयर्लंडमधील डेरी शहरात असेच लाकडी टेम्पल उभारले होते. ज्या शहरात कॅथलिक आणि प्रोटेस्टंट आपापल्या होळ्या एकमेकांना डिवचण्यासाठी पेटवत आले होते, तेथे दोन्हीकडच्या लोकांनी एकाच वास्तूत आपापल्या गेलेल्या माणसांची नावे लिहिली आणि मार्च महिन्यात ती एकत्र जाळली.

एक सावधगिरी मात्र सांगितलीच पाहिजे. विधी कोणताही असो, त्याने शोकाचा आजार बरा होत नाही. मृत्यूनंतर सहा महिने उलटूनही माणूस रोज त्याच ठिकाणी अडकलेला असेल, खाणे-झोपणे-काम सगळेच बंद पडले असेल, तर तो दीर्घकालीन शोकविकार असू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू असलेल्या वर्गीकरणात त्याची स्वतंत्र नोंद आहे आणि त्यावर उपचार आहेत. गोव्यात बांबोळीच्या मानसोपचार संस्थेत जाता येते आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य दूरध्वनी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर कोणत्याही वेळी बोलता येते. या आईचे जेवण आणि झोप दोन महिन्यांत पूर्ववत झाली, म्हणून तिला पुढे पाठवण्याची वेळ आली नाही.

माझ्याकडे अजूनही येते ती तिची मुलगी. वडिलांना रुग्णालयात नेण्यापासून लोटी फणसाला टांगण्यापर्यंत सगळे तिने केले. आईची समजूत तिने घातली, डबी पाठवण्याची व्यवस्था तिने केली, आणि या सगळ्यात तिचा स्वतःचा निरोप कोणी विचारलाच नाही. लोटी मागे ठेवायला लावून आपण आईची झोप घालवली, ही टोचणीही तिला आहे. स्मशानात ती गेली नव्हती, हरवळ्यालाही नाही, आणि वाळवंटातला अग्नी तिच्या भावाचा होता. येत्या अमावास्येला आईबरोबर हरवळ्याला जाऊन पाण्याजवळ बसावे का, असे तिने गेल्या भेटीत विचारले. जा, पण आईची काळजी घेण्यासाठी जाऊ नकोस. तिला सांभाळायला काकूंना सोबत ने आणि तू मोकळी राहा, असे मी सांगितले आहे. काकू तयार आहेत.