मागचा टायर घेण्याआधी

तुमच्या मोटारसायकलला मागचा टायर कोणता घ्यावा, असे तुम्ही विचारले होते. रोजच्या हिंजवडीच्या फेऱ्यांमुळे तुमच्या टायरचा मधला पट्टा सपाट झाला आहे आणि कडा मात्र कोऱ्याच आहेत. म्हणून ट्रॅकसाठीचा मऊ टायर घेऊ नये, कारण तो चांगला तापल्याशिवाय पुरेशी पकड देत नाही आणि शहरात लवकर झिजतो. मध्ये कठीण व कडेला मऊ रबर असलेला स्पोर्ट-टूरिंग रेडियल (वेगवान आणि लांबच्या प्रवासासाठीचा टायर) ताम्हिणी घाटाच्या ओल्या वळणांवरही भरवशाचा ठरतो. कंपनीने दिलेली रुंदी वाढवू नये; अरुंद रिमवर टायर आवळला जातो आणि गाडी वळणात जड वाटते (हा शहाणपणा मी करून बसलो आहे). दुकानात टायरच्या बाजूवरचे, तो कधी तयार झाला ते सांगणारे चार अंक स्वतः वाचावेत: २३२५ म्हणजे २०२५ सालचा तेविसावा आठवडा. बसवल्यावर पहिले दीडशे किलोमीटर गाडी फार झुकवू नये.